तिनं वाढवलेला स्फटिक

माझी आणि तिची ओळख एका भट्टीसमोर झाली. दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत मी पीएच.डी.साठी नुकतीच दाखल झाले होते. सरांनी सांगितलं, खालच्या मजल्यावर जाऊन स्फटिक वाढवायची लॅब बघून या. दार ढकललं तर आत एक उंच, सावळी मुलगी भट्टीच्या लहानशा खिडकीला डोळा लावून उभी होती. कान आणि खांद्याच्या मध्ये मोबाइल दाबून ती बोलत होती, "आगं माय, जेवले मी. काय करून राह्यले म्हंजी? काम करून राह्यले. ठिव आता, मंग बोलू."

मी दारातच थांबले. घर सोडल्यापासून हिंदी, इंग्रजी आणि न कळणाऱ्या दोन भाषा ऐकून कान किटले होते. ते 'करून राह्यले' ऐकलं आणि पाय आपोआप आत वळले.

"कुठलं गाव तुमचं?" मी विचारलं.

"धावडा. भोकरदन तालुका, जालना जिल्हा. तुम्हाला नाही माहीत असणार," खिडकीवरचा डोळा न काढता ती म्हणाली.

"मला बराबर म्हाईतंय. मी कुंभार पिंपळगावची."

तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वळवली. "घनसावंगीकडचं? म्हंजी आख्खा जिल्हा आडवा आपल्या दोघींत." मग हसून म्हणाली, "पर इथं आपण शेजारनीच."

ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी पुढे होती. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्यांची शेती, भाऊ जालन्यात स्थिरावलेले, मुलींनी शिकायचं यात कुणाला काही वाटायचं नाही. तिच्याकडे आजोबांपर्यंत मेंढरांमागचं फिरणं होतं. तिच्या वडिलांनी थोडी जमीन केली, गावात घर बांधलं, पण मेंढरं ठेवली. दहावीच्या पुढे गेलेली त्या घरातली ती पहिलीच. गावाकडे असतो तर आमची भेटही झाली नसती. तिथे मात्र आम्ही एका ताटात जेवू लागलो. तिच्या घरून येणारा तिळाचा ठेचा आणि आमच्याकडची ज्वारीची पापडी यांवर आम्ही महिनाभर मेसचं जेवण निभावून न्यायचो.

आमचं काम एकच होतं, फक्त अर्धं तिच्याकडे आणि अर्धं माझ्याकडे. ती स्फटिक वाढवायची आणि मी त्यातून प्रकाश काढायचा. साधा प्रकाश नव्हे. जांभळ्याच्या पलीकडे अतिनील, आणि त्याच्याही फार पलीकडे, इतका की हवेतूनसुद्धा तो जाऊ शकत नाही, हवाच त्याला गिळते. अशा प्रकाशाचा लेझर संगणकाच्या चिपा बनवायला आणि फार बारीक गोष्टी तपासायला लागतो. त्यासाठी विषारी वायूंची मोठमोठी यंत्रं असतात. तेच काम बोटाच्या पेराएवढ्या स्फटिकाकडून करून घ्यायचं, हे आमच्या सरांचं स्वप्न होतं.

त्या पल्ल्याचा प्रकाश बहुतेक स्फटिक स्वतःच पिऊन टाकतात. जे मोजके पीत नाहीत, त्यातला एक बेरियम आणि मॅग्नेशियमच्या फ्लोराइडचा. तो फेरोइलेक्ट्रिक असतो. म्हणजे त्याच्या आत विजेची एक ठरलेली दिशा असते, बाहेरून जबर विद्युतदाब दिला की ती उलटते आणि दाब काढला तरी उलटीच राहते. लेझरचा झोत त्यातून जाताना दुप्पट कंपनांचा नवा प्रकाश जन्मतो. पण जुन्या आणि नव्या प्रकाशाची चाल सारखी नसते. थोडं अंतर गेलं की पाऊल चुकतं आणि नवा प्रकाश स्वतःलाच पुसू लागतो. नेमकं तिथेच स्फटिकाची दिशा उलटी केली, तर पाऊल पुन्हा जुळतं. म्हणून मी केसाहूनही बारीक पट्टे पाडायचे, एक सुलटा, एक उलटा, असे शेकडो. पण त्यासाठी आधी निर्मळ स्फटिक हातात यायला हवा, आणि तो येत नव्हता.

भट्टीत जरा दमट हवा शिरली की तो दुधाळ व्हायचा. हवा सांभाळली तर थंड होताना तडकायचा, कारण एका अंगाने तो जास्त आकसतो आणि दुसऱ्या अंगाने कमी. वितळलेल्या रसात बीज टेकवायचं, ते सावकाश फिरवत, त्याहून सावकाश वर ओढायचं. खिडकीतून एक तांबूस कडं दिसतं, तेवढ्यावर नजर ठेवायची. कडं रुंदावलं की उष्णता वाढवायची, आकसलं की कमी करायची. ती हे तासन्तास करायची. सगळं करून बाहेर काढलेला स्फटिक टेबलावर ठेवता ठेवता 'टक्' वाजायचा. ती म्हणायची, "गेला," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूड खलायला घ्यायची.

तिच्या काही गोष्टी मला सुरुवातीला कळायच्या नाहीत. दिवस मावळायच्या आत ती वसतिगृहावर परतायची. सगळ्यांनी सिनेमाला जायचं ठरलं की हिचं डोकं दुखायचं. तिच्या नडग्यांवर कायम काळेनिळे डाग असायचे. समोर ठेवलेल्या स्टुलाला ती सरळ जाऊन धडकायची आणि ठेवणाऱ्यावर ओरडायची. आणि माझ्या लेझरच्या खोलीत, जिथे दिवे मालवूनच काम चालतं, तिथे तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. 'तुझं काम तू बघ, माझं मी बघते' असं तिचं म्हणणं असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

एका संध्याकाळी पावसानं आभाळ अंधारलं आणि संस्थेची वीज गेली. भट्टीचा जनरेटर लगेच सुरू झाला, पण जिन्यातले दिवे गेले ते गेलेच. मी वरून उतरत होते. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर ती जिन्याच्या मधल्या पायरीवर भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी होती.

"काय झालं गं?"

"माझा हात धर," ती म्हणाली.

मी मोबाइल तिच्या पायांपुढे धरला. "हा बघ ना उजेड."

"एवढ्यानं न्हाई भागत. हात धर म्हन्ते ना."

मी हात धरला. तो घामानं ओला झाला होता. खाली लॅबमध्ये येऊन बसल्यावर तिनं ओले तळवे ओढणीला पुसले. मग म्हणाली, "मला अंधारात दिसत न्हाई. अप्पासारखं. अप्पाला बी रातांधळं हाय. म्हणून तर दिवस बुडायच्या आत मेंढरं वाड्यात असायची आमची. लोक म्हणायचे, काय शिस्तीचा माणूस हाय."

"आणि ती स्टुलं?"

"ते नवं हाय," ती म्हणाली. "बाजूचं कमी दिसून राह्यलंय. समोरचं बराबर दिसतं. खिडकीतलं कडं तर लख्ख दिसतं."

मी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी तिला एका पांढऱ्या घुमटात डोकं घालून बसवलं. चमकणारा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बाजूला उभी होते. ठिपके कडेनं चमकत होते, वर चमकत होते, खाली चमकत होते, आणि तिचं बोट हलत नव्हतं. मला सगळे दिसत होते. मी खिडकीबाहेर बघू लागले.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. पडद्यावरच्या पेशी कडेकडून मरत येतात आणि शेवटी मधला भागही जातो. तिचा वेग जरा जास्त होता. मग त्यांनी विचारलं, "तुमचे आईवडील नात्यातले का?"

"माय म्हंजी अप्पांच्या सख्ख्या मामाची पोरगी," ती म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. रक्तातून येणारं हे दुखणं एकाच बाजूनं आलं तर लपून राहतं; वडिलांमध्ये ते उघड होतं आणि आईत लपलेलं. दोन्हीकडून आलं तेव्हा तिच्यात उघड झालं. गावाकडच्या तिच्या धाकट्या बहिणीत उघड नव्हतं, पण वडिलांकडचं लपून असणारच होतं.

"उपाय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "संशोधन चालू आहे," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी संशोधन करणाऱ्याच. त्या वाक्याचा अर्थ आम्हाला चांगला माहीत होता.

परतताना रिक्षात तिनं एवढंच म्हटलं, "कुणाला सांगू नको. एक चांगला स्फटिक निघू दे, मंग बघू."

त्यानंतरचे महिने ती जे राबली ते मी जवळून पाहिलं. आता तिच्या हालचाली मला समजत होत्या. भट्टीपासून टेबलापर्यंतची वाट मी मोकळी ठेवायची, स्टुलं भिंतीला लावायची. ती खिडकीशी बसली की मी शेजारी बसून तिच्या सांगण्याप्रमाणे आकडे वाचायची. तिनं थंड करण्याचा वेग आणखी कमी केला, बीजाची दिशा बदलली, पूड भट्टीत घालण्याआधी पुन्हा पुन्हा कोरडी केली. दोन तडकले. एक दुधाळ निघाला. आणि मग एका सकाळी तिनं भट्टीचं झाकण उघडलं, चिमट्यानं उचलून तो कापसावर ठेवला, आणि आम्ही दोघी 'टक्'ची वाट बघत बसलो. आवाज झाला नाही.

करंगळीएवढा असेल. पाण्यासारखा. दोन ध्रुवण-काचांमध्ये धरला की आतला ताण रंगांनी दिसतो. त्यात जवळजवळ रंगच नव्हते. तिनं तो डोळ्याशी नेला, हळूहळू फिरवला, पुन्हा फिरवला.

"तू बघ कडा," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यात तो एकदम मावत न्हाई. तुकड्या-तुकड्यानं बघून राह्यले मी."

मी कडा पाहिल्या. "कुठंच तडा नाही."

"गढूळ?"

"बिलकुल नाही."

ती खुर्चीत बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. मी तिला रडताना आधी पाहिलं नव्हतं, डॉक्टरांकडेसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात घरून फोन आला. आई आनंदात होती. धाकटीची सोयरीक ठरत होती, मामाच्या पोराशी. मुलगा शिकलेला, सिल्लोडला दुकान, मागणं त्यांनीच घातलेलं. आता मामा-मामी सुपारी फोडायला येणार होते. फोन ठेवून तिनं लगेच गाड्यांच्या वेळा काढल्या.

"मला गावाला जायचंय," ती म्हणाली. "तू येती का? गाडी जालन्याला तिन्हीसांजंला पोचती. तिथून पुढं मला एकटीला नाही जमणार."

मी गेले. जालना स्टेशनवरून तिला दंडाला धरून बाहेर आणलं, रात्री माझ्या भावाकडे थांबलो आणि सकाळच्या एसटीनं भोकरदन, तिथून वडापच्या जीपनं धावडा.

तिचे वडील दारातच उभे होते. काटक, बोलायला कमी, खांद्यावर घोंगडी. मला म्हणाले, "ये बाई. पोरीची लई सोबत केली तू." आईनं दोघींच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. धाकटी पुरण वाटत होती. लाजून हसली. तिला तो मुलगा आवडत होता हे सांगायला नको होतं, घरभर दिसत होतं.

दुपारी मामा-मामी आले. चहा झाला. मामा म्हणाले, "आता येवढ्यातलाच मुहूर्त धरू. घरातल्या घरात हाय, जास्ती खर्चा बी नको."

"मामा," माझी मैत्रीण म्हणाली, "जरा थांबा. ही सोयरीक अशी न्हाई करता येणार."

मामांना ती थट्टा वाटली. "काहून बाई?"

"अप्पाला रातांधळं हाय. ते रगतातून येतं. धाकटीत बी ते लपून असणार. तुमच्या घरात बी हाय, मायकडून कळतंय. दोन्हीकडचं एका ठिकानी आलं, की लेकराच्या डोळ्यात उतरतं."

"येडी का काय तू?" मामा हसले. "तुझ्या मायची आन् बापाची सोयरीक अशीच झाल्ती. काय झालं मंग?"

"मी झाले," ती म्हणाली.

मामांना कळलं नाही. आईलाही नाही. ती तशीच सरळ बसून बोलत राहिली, "मला अर्धं दिसंना झालंय, मामा. तुम्ही कुठं बसले हे मला आवाजावरून कळून राह्यलं. डॉक्टर म्हन्ले, राह्यलेलं बी जाणार."

आईच्या हातातली बशी खाली टेकली. "काय बोलती गं ही?" तिनं मलाच विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

वडील इतका वेळ भिंतीला टेकून होते. ते पुढे सरकले. "माझ्यावानी?"

"तुमच्यापेक्षा जल्दी, अप्पा."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजी माझंच गेलं तुझ्यात. डोळे दिले, ते बी असले दिले."

"अप्पा, असं नका म्हणू. कुणाचा दोष न्हाई ह्याच्यात." ती मामांकडे वळली. "मामा, एक करता येईल. पोराचं रगत तपासून घेऊ. त्याच्यात नसलं तर खुशाल करू लगीन, मीच हळद लावीन."

मला वाटलं होतं, यावर सगळे सुटकेचा श्वास टाकतील. पण मामा उठून उभे राहिले. "माझ्या पोराचं रगत तपासता? सोयरीक हाय का बैलबाजार हाय? आमच्या घराण्यात खोट काढती ही पोरगी, आन् तुम्ही ऐकून घेता, दाजी?"

"भाऊ, बस रे," आई हात जोडून म्हणाली. "लेकरू हाय. शिकून डोक्यात गेलंय तिच्या. मी सांगते तिला."

"तू नको सांगू," वडील म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तिचं बराबर हाय. एकीत गेलं ते गेलं. आता जाणून-बुजून दुसरीच्या लेकरात जाऊ देणार न्हाई मी. तपासायचं असलं तर लगीन, न्हाईतर न्हाई."

मामा-मामी न जेवता गेले. आई रस्त्यापर्यंत त्यांच्यामागे गेली. भावाच्या बाहीला धरत होती, तो सोडवून घेत होता. घरात पुरणाचं पातेलं तसंच झाकून राहिलं.

मी मागच्या अंगणात गेले तर धाकटी तिथे उभी होती. तिचे डोळे कोरडे होते.

"ताईचं बराबर असंल," ती म्हणाली. "पर मला कुणी इचारलं का? तो म्हन्ला असता हो. रगत द्यायला तो तयार झाला असता. मोठ्या माणसांनी आपसातच मोडून टाकलं."

त्या मुलानं नंतर वडिलांपुढे तोंड उघडलं नाही एवढं मला कळलं. पुढच्या वर्षी धाकटीचं लग्न दूर, परभणीकडे करून दिलं. नवरा चांगला आहे म्हणतात. ती सणाला येते, आईशी बोलते, वडिलांचे पाय धरते. ताईच्या खोलीत जात नाही.

परत आल्यावर माझ्या मैत्रिणीनं सरांना सगळं सांगितलं. सर भले माणूस. त्यांनी खूप प्रयत्न केले. पण सुरक्षा समितीचं म्हणणं पडलं की अशा स्थितीत भट्टीजवळ काम करू देता येणार नाही. आणि ते चूकही नव्हतं. तिला टेबलावरचं काम देऊ केलं, मोजमापं तपासायचं. तिनं तेवढ्यात प्रबंध पुरा केला. अक्षरं पडद्यावर मोठी मोठी करत, शेवटी मी वाचायची आणि ती सांगायची असं करत. तोंडी परीक्षेत तिला उत्तर आलं नाही असा प्रश्न नव्हता. डॉक्टरेट मिळाली आणि ती गावाला गेली. जाताना स्फटिक माझ्या हातात दिला. "घाई करू नको याच्यावर," म्हणाली. "कापतानाच जपायचं. अर्धे तिथंच मरतात."

मी घाई केली नाही. तरी पहिली चकती दाबाखाली फुटली. दुसरीत पट्टे एकमेकांत पसरले, काठ सांडल्यासारखे. तिसरी जमली. मी ती निर्वात पेटीत बसवली, समोर लोलक ठेवला, म्हणजे जुना झोत एकीकडे पडेल आणि नवा असेल तर दुसरीकडे. नवा डोळ्यांना दिसणारच नव्हता. म्हणून तिथे एक काच लावली, तिच्यावर पांढरी पूड फासलेली. त्या प्रकाशाचा स्पर्श झाला की ही पूड निळसर उजळते. दिवे मालवून मी बसले. सुरुवातीला काहीच नव्हतं. स्फटिक केसभर फिरवत गेले. आणि काचेवर, जिथे असायला हवा तिथेच, एक फिका निळा ठिपका उमटला. मी हात काढला, पुन्हा लावला. तो होता.

सरांना सांगायच्या आधी मी धावड्याला फोन लावला.

"निघाला," मी म्हणाले.

मागे मेंढरांचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "कसा दिसतो?"

"फिका निळा. लहानसा."

"तो पुडीचा उजेड," ती म्हणाली. तिच्यातली संशोधक जागची हलली नव्हती. "खरा तुला बी न्हाई दिसला."

"नाही."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि हसली. ते हसणं मध्येच तुटलं. "अप्पा हाका मारून राह्यले. ठेवते." वडिलांची हाक मला काही ऐकू आली नव्हती. मी फोन कानाशी धरून तशीच बसले होते, आणि तिनंही तिकडून लगेच बंद केला नव्हता.

आमचा शोधनिबंध छापून आला, तिचं नाव पहिलं. प्रकाश फार क्षीण होता. इतर देशांतल्या मंडळींनी पुढे त्याच प्रकारच्या स्फटिकांतून बरंच जास्त काढलं, त्यांच्या भट्ट्या वेगळ्या, माणसं पुष्कळ. आमचा प्रकल्प संपला. सर निवृत्त झाले. ती भट्टी आता दुसऱ्या विभागात आहे, असं ऐकते.

मला जालन्यात कॉलेजात नोकरी लागली. तिनंही दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. एका ठिकाणी विचारलं, "मॅडम, प्रॅक्टिकल कोण घेणार?" दुसऱ्या ठिकाणी काही विचारलंच नाही, चहा पाजून वाटेला लावलं. तिसरा अर्ज तिनं केला नाही.

दोन-तीन महिन्यांतून एकदा मी धावड्याला जाते. पहिल्या वेळी उरलेला स्फटिकाचा तुकडा घेऊन गेले होते. तिनं तो तळहातावर घेतला, नखानं कड चाचपली. "कापला तिथं बरा घासलास," म्हणाली. मग परत दिला. "घेऊन जा. इथं नको. आन् पुढच्या वेळी याचं काही बोलू नको. मला भाकरी थापताना बी तेच दिसून राह्यलंय." मी बोलत नाही. आम्ही दुसरंच बोलतो. कॉलेजातल्या गमती, मेंढरांचे भाव, तिच्या वडिलांचा खोकला. आता तिला उजेड आणि अंधार यांतला फरक कळतो, खिडकी कुठे आहे ते कळतं. माझा चेहरा दिसत नाही. गेल्या वेळी तिनं विचारलं, "जाड झालीस का गं? आवाज बसका झालाय तुझा." आम्ही हसलो. वडील समोर बसले होते, ते हसले नाहीत. ते आता मेंढरांमागे जात नाहीत. दिवसभर तिच्या आसपास असतात. ती उठली की उठतात.

मी निघाले की मला फाट्यापर्यंत पोचवायला तिची आई येते. एरवी ती काही बोलत नाही. माझ्या पिशवीत शेंगा कोंबते आणि एसटी दिसेपर्यंत उभी राहते. गेल्या वेळी मात्र तिनं एकाएकी माझा हात धरला.

"माझी पोरगी बराबर बोलली, बाई," ती म्हणाली. "मला समजतंय. धाकटीला पोरगा झाला, डोळे मोत्यावानी हायेत त्याचे. समदं बराबर झालं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर माझा भाऊ त्या दिवसापून न्हाई आला. माय वारली तव्हा बी मला दारात उभी केली. माझं मायेर गेलं गं. हे मी पोरीला कसं बोलू?"

एसटी आली. मी चढले तेव्हा ती खालून म्हणाली, "तिला सांगू नको मी रडले म्हणून." आणि घराच्या वाटेला लागली. तिला जल्दी जायचं होतं. ऊन उतरायला लागलं होतं आणि घरात बाप-लेक दोघंच होती.